कासव दिसलं म्हणजे कूर्मावतार नव्हे: इरोक्वॉय सृष्टिकथेवर लिहिताना या चुका टाळा

कासवाच्या पाठीवर उभं असलेलं जग कुठे दिसलं की आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘अरे, हा तर आपला कूर्मावतार!’ गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करून आत जाणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय या मूलनिवासी लोकांच्या कथेवर लेख किंवा रील करताना सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. कूर्म समुद्रमंथनात मंदार पर्वताला आधार देतो. इथे मंथन नाही, अमृत नाही, देव-दानवांची रस्सीखेचही नाही.

ही गोष्ट एका गरोदर बाईची आहे. आकाशलोकातलं मोठं झाड उपटलं जातं आणि त्या खड्ड्यातून ती खाली पडते. खाली नुसतं पाणी. पाणपक्षी पंखाला पंख लावून तिला झेलतात, कासव पाठ पुढे करतं. मग तळाची माती आणायला एकेक प्राणी बुडी मारतो. बऱ्याच कथनांत शेवटी मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारा उंदरासारखा छोटा जीव, ती आणतो. काहींत तो मेलेलाच वर येतो, माती घट्ट धरून. ती चिमूटभर माती कासवाच्या पाठीवर पसरतात, बाई तिच्यावर गोल फिरत राहते आणि जमीन वाढत जाते. साम्य शोधायचंच तर पाण्यातून पृथ्वी वर काढणाऱ्या वराहाशी जास्त आहे. पण वराह एकटाच समर्थ असतो, इथे सगळे लहान जीव मिळून धडपडतात. संकटात सापडलेल्या एका परकीसाठी आधी जागा झाली आणि त्यातून जग झालं. माझ्या मते कथेचा जीव यात आहे, कासवात नाही.

म्हणून चित्रपटात, कादंबरीत या कथेचे पडसाद शोधताना कासवं मोजू नका. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांचं १९८३ पासूनचं डिस्कवर्ल्ड हे काल्पनिक जग कासवावर आहे खरं, पण मध्ये चार हत्ती उभे आहेत. तो धागा भारताकडे येतो, इरोक्वॉय लोकांच्या ओन्टारिओ सरोवराकडे जात नाही. ‘टर्टल आयलंड’ हे उत्तर अमेरिकेचं नावही एकट्या इरोक्वॉय लोकांचं नाही, शेजारच्या अनिशिनाबे लोकांतही ते आहे.

खरा पडसाद सापडला तरी घाई नको. डिसेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या ‘व्हॉट इफ’ मालिकेत काहोरी ही मोहॉक, म्हणजे इरोक्वॉयांपैकीच एका समूहातली, नायिका आली. त्या भागातले बरेच संवाद मोहॉक भाषेत आहेत आणि त्यातला आकाशलोक थेट या परंपरेतला आहे. मात्र दिशा उलटी आहे. मूळ कथेत बाई आकाशातून पाण्याकडे येते, काहोरी तळ्यात पडते आणि आकाशलोकात पोचते. काहोरी हे नवं पात्र आहे, पुराणात ती नाही. ‘प्राचीन देवी काहोरी’ असं कृपा करून लिहू नका.

हायवाथाचा गोंधळ तर पावणेदोनशे वर्षं जुना आहे. अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी १८५५ च्या दीर्घकाव्यात नाव घेतलं इरोक्वॉय महासंघाचा नेता हायवाथाचं आणि गोष्टी घातल्या बहुतांशी ओजिब्वे या वेगळ्या लोकांचा कथानायक नानाबोझोच्या. ते काव्य इतकं गाजलं की आजही लोक त्याला इरोक्वॉय पुराण समजतात.

आकाशातून पडलेल्या बाईच्या मुलीला जुळे होतात. एकाचं नाव कोवळं झाड, दुसऱ्याचं गारगोटी. त्यांना सरळ देव आणि सैतान म्हणून टाकणं सोपं आहे, कार्टून आणि खेळांना ते सोयीचंही पडतं. त्या रंगात मिशनऱ्यांची छाया बरीच आहे. गारगोटी हिवाळा आणतो, काटे आणतो, आणि अनेक कथनांत जगाचा तोल दोघांमुळे राहतो. त्याच्या जन्मात आई मरते. तिच्या देहातून मका, घेवडा आणि भोपळा उगवले, असं काही कथनं सांगतात. अमेरिकेच्या २००९ च्या एक डॉलरच्या नाण्यावर याच ‘तीन बहिणी’ लावणारी बाई आहे. फक्त पडद्याकडे बघणाऱ्यांच्या नजरेतून हा पडसाद हमखास निसटतो.

आता शब्दांबद्दल. ‘रेड इंडियन’ सोडून द्या. ‘इरोक्वॉय’ हेही बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला होडिनोशोनी म्हणवतात, म्हणजे लांबघराचे लोक: मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि १७२२ मध्ये सामील झालेले टस्करोरा. त्यांच्याबद्दल ‘होते, मानत असत’ असं भूतकाळात लिहू नका. जाळीच्या काठ्यांनी चेंडू खेळायच्या लॅक्रॉसला ते निर्मात्याचा खेळ मानतात, पृथ्वी होण्याआधी तो आकाशलोकात खेळला जायचा म्हणतात, आणि त्यांचा संघ आजही आपल्याच झेंड्याखाली जागतिक स्पर्धांत उतरतो. २०१० मध्ये ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मानले नाहीत, तेव्हा दुसरे पासपोर्ट घेण्यापेक्षा त्यांनी मँचेस्टरची स्पर्धा सोडली.

दोन स्रोत जुळत नाहीत म्हणून अडलात? माती आणणारा बीव्हर की मस्करॅट, जुळे त्या बाईची मुलं की नातवंडं, हे फरक दुरुस्त करत बसू नका. टस्करोरा आईचे पुत्र असलेले अभ्यासक जे. एन. बी. ह्यूइट यांनी १९०३ मध्ये ओनोन्डागा, सेनेका आणि मोहॉक कथनं शेजारी शेजारी, मूळ भाषांसह छापली. त्यांची सरमिसळ करून एक ‘खरी’ कथा त्यांनी बनवली नाही. तुम्ही सांगताय ते सेनेका कथन असेल, तर पहिल्याच ओळीत तसं लिहा.