सिलिअ‍ॅकवाल्या मुलाचं थायरॉइड आणि उंची कशी बघायची

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार; त्यात गहू बंद केला, भाकरी सुरू झाली म्हणजे संपलं असं नाही हं. या मुलांत थायरॉइडचा त्रास जास्त दिसतो, म्हणून डॉक्टरांना विचारून टीएसएच, फ्री टी४, अँटी-टीपीओ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या. थायरॉइडची गोळी लागलीच तर सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, लोह-कॅल्शियमपासून ४ तास लांब. टीटीजी, म्हणजे सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतला आकडा, खाली येत नसेल तर आधी हिंगाची डबी बघा, त्यात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, आमच्याकडे तिथेच घोळ होता! उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडा, तारखेसकट, आणि वर्षभर पथ्य पाळून, टीटीजी नॉर्मल येऊनही रेघ वर सरकत नसेल तर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन कमी पडतंय का ते एंडोक्रिनोलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरांकडून) तपासून घ्या.