ओसाकाहून रेल्वेने हिमेजीचा किल्ला : एका दिवसाची आखणी

जपानमधले अनेक किल्ले विसाव्या शतकात काँक्रीटने पुन्हा उभारलेले आहेत. हिमेजीचा मुख्य मनोरा मात्र तिथला सरदार इकेदा तेरुमासा याने १६०९ मध्ये पूर्ण केलेला मूळ लाकडी मनोरा आहे, म्हणून हाताशी एकच दिवस असेल तर तो हिमेजीला द्यावा.

ओसाका स्थानकावरून जेआरची (जपान रेल्वेची) ‘शिन-काइसोकु’ ही जलद गाडी साधारण एका तासात हिमेजीला पोहोचते. तिला साधे तिकीट किंवा आधी पैसे भरलेले इकोका हे प्रवासकार्ड पुरते. सर्वसाधारण डब्यांत आरक्षण लागत नाही. शिन-ओसाका या वेगळ्या स्थानकाहून शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) अर्ध्या तासात नेते खरी, पण तिचे भाडे बरेच जास्त आहे. फलकावर हिमेजी, आबोशी किंवा बान्शू-आको यांपैकी कोणतेही गंतव्य दिसले तरी गाडी आपल्या कामाची आहे. जाताना डावीकडे बसावे, म्हणजे कोबेच्या पुढे समुद्र आणि १९९८ मध्ये खुला झालेला आकाशी-काइक्यो झुलता पूल दिसतो.

किल्ला सकाळी नऊला उघडतो आणि एरवी चार वाजता प्रवेश बंद होतो. २९ व ३० डिसेंबरला तो पूर्ण बंद असतो. नऊच्या आत हिमेजीला उतरता येईल अशीच गाडी धरावी, कारण दुपारी मनोऱ्याच्या जिन्यांवर रांग लागते. स्थानकाच्या उत्तर दाराबाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला पांढरा मनोरा दिसतो, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या त्या वाटेसाठी बस शोधण्याची गरज नाही.

हिशी दरवाजातून आत गेल्यावर घाई करू नये, कारण या किल्ल्याचे खरे कसब त्याच्या वाटेत आहे. मनोरा समोर दिसत असतानाच वाट पाठ फिरवून उलट दिशेला वळते, काही दरवाजे इतके ठेंगणे आणि अरुंद आहेत की एका वेळी मोजकीच माणसे आत शिरू शकतील, आणि भिंतींत गोल, त्रिकोणी व चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे, वर चढणाऱ्यावर रोखलेल्या आहेत. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. धाकट्या मनोऱ्याखालच्या दगडी तटात जाळीआड एक जाते बसवलेले आहे. तेरुमासाच्या आधी हा किल्ला ज्याच्या ताब्यात होता त्या तोयोतोमी हिदेयोशीच्या काळी दगड कमी पडले तेव्हा एका गरीब म्हातारीने ते दिले, अशी आख्यायिका आहे. ते शोधून अवश्य पाहावे.

मनोऱ्यात जोडे काढून पिशवीत घालून न्यावे लागतात, आणि थंडीत लाकडी जमीन फार गार लागते, म्हणून जाड मोजे घालावेत. बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या या इमारतीत तळघर धरून सात मजले आहेत. जिने शिडीसारखे उभे असल्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वर चढण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी पश्चिमेकडचा निशी-नो-मारू हा आवार अधिक सुखाचा आहे. शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा हिदेतादा याची मुलगी सेन्हिमे हिच्या आठवणी तिथल्या लांब लाकडी ओसरीशी जोडलेल्या आहेत, आणि तिथून मनोरा सर्वांत सुंदर दिसतो.

एवढे पाहायला तीन तास लागतात. उरलेल्या वेळात शेजारचे कोको-एन पाहावे : सामुराईंच्या वाड्यांच्या जागी १९९२ मध्ये खुल्या झालेल्या या नऊ बागांचे तिकीट किल्ल्यासोबत एकत्र काढले तर स्वस्त पडते. परतताना संध्याकाळी कचेऱ्या सुटण्यापूर्वीची गाडी घ्यावी, म्हणजे ओसाकापर्यंत बसायला जागा मिळते.