एनडीपीएसची (नशेच्या मालाच्या कायद्याची) केस लागली तर कागद कसे वाचायचे

नीमच-मंदसौरकडून गाडी घेऊन इंदूरला येणारा पोरगा डोडाचुऱ्यात (अफूच्या सुक्या बोंडांच्या चुऱ्यात) धरला गेला की घरचे सगळ्यात आधी जमानतीच्या मागे धावतात, आणि कोणीतरी भेटतोच जो म्हणतो हो जाएगा काकू, पंधरा दिवसांत बाहेर. त्याला पैसे देण्याआधी एफआयआर आणि जप्ती पंचनाम्याची कॉपी मिळवा आणि आधी दोनच गोष्टी शोधा, धारा (म्हणजे कलम) आणि वजन. पोरगा कसा आहे, घरची परिस्थिती काय, हे या कायद्यात फार उशिरा विचारतात.

धारा ८/१५ असेल तर डोडाचुरा, ८/१८ अफीम, ८/२० गांजा-चरस, ८/२१ स्मॅक (हेरॉईन) वगैरे, ८/२२ एमडी (मेफेड्रोन) नाहीतर नशेच्या गोळ्या.

आता वजन, खरा खेळ इथेच आहे. डोडाचुरा ५० किलोच्या वर, गांजा २० किलोच्या वर, अफीम अडीच किलोच्या वर, स्मॅक २५० ग्रॅमच्या वर, एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शियल (धंद्यासाठीचा माल), म्हणजे कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंड १ लाखापासून पुढे. जज्जसाहेबांना स्वतःला पटलं की हा नुसता ड्रायव्हर आहे, तरी दोषी ठरवल्यावर १० च्या खाली उतरता येत नाही. तेच डोडाचुरा ४९ किलो निघाला तर १० ही वरची हद्द, खाली काहीच बंधन नाही, दोन वर्षंही देता येतात. म्हणून पोती बारदानासकट तोलली का ते बघा. गांजात शेंडे नसलेली नुसती पानं आणि बिया धरत नाहीत (भांग लायसन्सच्या दुकानात उघड मिळते ती याचमुळे), तेव्हा पंचनाम्यात नक्की काय लिहिलंय ते वाचा. स्मॅकमध्ये मात्र उलटं आहे, २६० ग्रॅमच्या पुडीत असली माल २० ग्रॅम असला तरी पूर्ण २६० मोजतात, सुप्रीम कोर्टाने २०२० च्या हीरा सिंग केसमध्ये तसं पक्कं करून टाकलं.

हे असं का, तर १९३० च्या जुन्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षं होती. मग १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा दबाव होता, आणि १९८५ मध्ये एनडीपीएस आला, त्यात पुडीवाला आणि ट्रकवाला बहुतेक एकाच तराजूत, सरळ १० वर्षं. १९८९ ला जमानत आवळली आणि काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडला तर फाशी सक्तीची केली, ती सक्ती २०१४ मध्ये गेली. वजनाच्या पायऱ्या २००१ मध्ये आल्या. माझ्या मते सुधारणा अर्धीच झाली, कारण पायरीच्या काठावर अजूनही एका किलोने दहा वर्षं ठरतात. अमेरिकेनेही १९८६ मध्ये ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचेच खडे) आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडरला सारखीच ५ वर्षं लावली होती, २०१० मध्ये तो फरक कमी केला, तोवर तिथले काळे लोक भरपूर आत जाऊन बसले होते.

कमर्शियल असेल तर धारा ३७ आडवी येते, कोर्टाला आधी वाटायला हवं की हा दोषी नसावा, तेव्हा कुठे जमानत. पण केस वर्षानुवर्षं रखडली तर तो मुद्दा जरूर मांडायला लावा, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर जमानत दिलेली आहे. वकिलाला आणखी विचारा की अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा हक्क पोराला सांगितला होता का (पोत्याला-बॅगेला हे लागू नाही, फक्त अंगाला), आणि सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढले का. अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीला घाबरून जाऊ नका, तोफान सिंग केसनंतर, म्हणजे २०२० पासून, ती पुरावा म्हणून चालत नाही.

पोरगा स्वतः नशा करणारा आणि माल थोडाच, तर धारा ६४-ए विचारा. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळू शकते, पण उपचार अर्धवट सोडले की सूट जाते.

वकिलाची ऐपत नसेल तर १५१०० ला फोन करा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. आणि पहिल्या रिमांडची (कोर्टाने कोठडीत पाठवल्याची) तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, कमर्शियलमध्ये तिथून १८० दिवसांत चालान (आरोपपत्र) पेश झालं नाही आणि कोर्टाने मुदतही वाढवली नाही तर जमानत हक्काची होते, फक्त अर्ज चालान येण्याआधी पडायला हवा, नंतर टाकला तर तो हक्क गेला.