चिकटपट्टी कोणती, कुठे आणि कशी लावावी

चिकटपट्टीवरचा गोंद ओला करावा लागत नाही, तो दाबाने धरतो. म्हणून कोणतीही पट्टी लावण्यापूर्वी जागा पुसून कोरडी करावी आणि लावल्यावर अंगठ्याने पूर्ण लांबीभर दाबावी. ‘टेप टिकत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा पट्टीत नसून तिच्याखालच्या धुळीत किंवा तेलकटपणात असते.

खोक्यासाठी खाकी टेप घ्यावी. तळाच्या मधल्या फटीवरची एकच पट्टी जड सामानाला पुरत नाही, दोन्ही टोकांच्या कडांवरही आडव्या पट्ट्या माराव्यात.

रंगकामासाठी असलेली कागदी मास्किंग टेप अमेरिकेतील 3M कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये, दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून तयार केली. तिची कड नखाने नीट दाबली नाही, तर रंग आत झिरपतो. रंग पुरता वाळण्याआधी ती मागे दुमडून सावकाश ओढावी. उन्हात आठवडाभर राहिली, तर कागद फाटून येतो आणि गोंद चौकटीवरच राहतो.

विजेच्या तारेवर सेलोटेप गुंडाळण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्यासाठी पीव्हीसीची इन्सुलेशन टेपच हवी. मेन स्विच बंद करून, तारेच्या शाबूत आवरणापासून सुरुवात करावी आणि पट्टी किंचित ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्या रुंदीवर येईल असा घ्यावा. शेवटचा वेढा न ताणता बसवावा, कारण ताणलेले टोक हळूहळू उलगडू लागते.

नळाच्या आट्यांवर गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपला गोंद नसतोच. आट्यांचे टोक स्वतःकडे धरून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली, तर नळ आवळताना ती सुटत जाते आणि पाणी ठिबकतच राहते.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपवर काही टांगायचे असल्यास ती लावल्यावर एक दिवस थांबावे. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर तिचा भरवसा धरू नये. माझा आरसा पडला तेव्हा टेप आरशाला घट्टच होती, तिच्यासोबत रंगाचा पापुद्रा निघून आला होता.

जुनी पत्रे, सातबारा किंवा जन्मपत्रिका सेलोटेपने जोडू नयेत. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पण तिचा पिवळा गोंद कागदात मुरलेला राहतो. अशा कागदांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी.