स्क्रायबसची चाचणी आवृत्ती लिनक्सवर मराठीच्या कसाला कशी लावावी

पेजमेकर किंवा इनडिझाइनवर होणारं पुस्तकाचं, पत्रकाचं किंवा दिवाळी अंकाचं काम लिनक्सवर करायचं म्हटलं की पानं जुळवणाऱ्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरचं नाव निघतंच. त्याच्या आवृत्त्या ओळखायला सोप्या आहेत. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती पक्की, विषम असेल तर चाचणीची. म्हणजे १.४ आणि १.६ पक्क्या, १.५ आणि १.७ चाचणीच्या. १.५.० आली २०१५ मध्ये आणि १.६.० थेट १ जानेवारी २०२४ ला. मधल्या काळात मराठीत काम करायचं तर चाचणीच्या आवृत्तीवाचून गत्यंतर नव्हतं, कारण १.४ मध्ये जोडाक्षरं विस्कटायची. २०१७ च्या १.५.३ पासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ (अक्षरं जोडून त्यांना योग्य रूप देणारा सॉफ्टवेअरचा भाग) आलं आणि देवनागरी पानावर धड दिसू लागली.

आता १.७ ची मालिका सुरू आहे. तिच्यात सॉफ्टवेअरचा पायाच, म्हणजे खिडक्या-मेनू वगैरे बांधायला वापरलेला क्यूटी हा तयार साचा, क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर हलवला आहे. पाया बदलला की कालपर्यंत बिनबोभाट चालणारी गोष्टही आज अडू शकते. रफार चुकीच्या अक्षरावर बसला, तर ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याच्या ते लक्षातही येणार नाही. ते आपणच पाहायला हवं.

आधी घर वेगळं करा

लिनक्सवर चाचणीसाठी एक नवीन युजर खातं उघडा. सेटिंग्जमधून दोन मिनिटांत होतं. स्क्रायबस आपल्या पसंती होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात ठेवतं. खातं वेगळं असलं की पक्क्या आवृत्तीच्या पसंतींना धक्का लागत नाही. एक अडचण मात्र येते: तुमच्या नेहमीच्या खात्यात टाकलेले फॉन्ट नव्या खात्याला दिसत नाहीत. ते तिथे पुन्हा टाका, किंवा त्यांची प्रत एका फोल्डरात ठेवून स्क्रायबसच्या पसंतींमध्ये, फॉन्टच्या विभागात, त्या फोल्डरचा पत्ता द्या.

खऱ्या कामाची फाइल चाचणीच्या आवृत्तीत उघडू नका, तिची प्रत उघडा. १.५ मध्ये सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये उघडत नसे, आणि १.७ ची फाइल १.६ मध्ये उघडेल असं धरून चालता येत नाही. छापखान्यात फॉर्मे जायची वेळ आली असताना हे कळणं फार महागात पडतं.

उतरवा आणि चालू करा

सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअर उतरवण्याच्या संकेतस्थळावर स्क्रायबसच्या चाचणीच्या आवृत्त्यांचा वेगळा विभाग आहे. तिथून लिनक्सची ॲपइमेज, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एकाच फाइलमध्ये असलेली आवृत्ती, उतरवा. इन्स्टॉल काही करायचं नाही. फाइलवर उजवी क्लिक करून गुणधर्मांमध्ये ‘प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या’ ही खूण करा आणि डबल क्लिक. उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर काहीच झालं नाही, तर बहुतेक ॲपइमेज चालवायला लागणारं लिबफ्यूज २ हे पॅकेज नसतं. ते टाकलं की गाडी रुळावर येते.

उघडल्यावर आधी हेल्प मेनूतलं ‘अबाउट स्क्रायबस’ पाहा. तिथला आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि बिल्ड आयडी (ती प्रत नेमकी कुठली ते सांगणारी खूण) टिपून ठेवा. पुढे दोष नोंदवताना लागणार आहे.

खरी परीक्षा

‘अबक’ लिहून काही कळत नाही. एक मजकुराची चौकट काढून तिच्यात हे शब्द टाका: तऱ्हा, वाऱ्यावर, कीर्ती, ऱ्हस्व, हृदय, शृंगार, लक्ष्मी, उद्ध्वस्त, चिठ्ठी, वाङ्मय, ॲप, ऑफिस. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र आडवा, म्हणजे ‘ऱ्य’सारखा, दिसायला हवा, तिथे रफार दिसला तर गडबड आहे. मग भाषा मराठी निवडून पाहा आणि ल, श यांची वळणं मराठी होतात की हिंदी धाटणीचीच राहतात ते बघा. अर्थात फॉन्टमध्ये मराठी वळणं असतील तरच ती दिसणार.

परिच्छेदाची सुरुवात ‘स्त्री’ या शब्दाने करा आणि पहिलं अक्षर मोठं करण्याची सोय वापरा. अख्खं ‘स्त्री’ मोठं झालं पाहिजे, नुसता स नव्हे. अशा जागा इंग्रजीच्या चाचणीत कधीच सापडत नाहीत. अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवून शिरोरेखा तुटते का पाहा. अरुंद कॉलम करून दोन्ही कडा जुळवा आणि ओळ जोडाक्षराच्या मध्येच मोडते का ते तपासा. कर्सर आणि बॅकस्पेसही चालवून पाहा.

शेवटी पीडीएफ. प्रीफ्लाइट व्हेरिफायर (छपाईआधी फाइलमधल्या चुका शोधणारी स्क्रायबसची सोय) काही तक्रार करतो का ते वाचा, पीडीएफ काढा आणि स्क्रायबसबाहेर पीडीएफ दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक, हा प्रकार सर्वांत वाईट, कारण तो प्रूफ हाती आल्यावरच कळतो.

दोष कोणाचा?

काही बिघडलेलं दिसलं की तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये लिब्रेऑफिस रायटरमध्ये टाका. रायटरही हार्फबझच वापरतो. तिथेही तसंच दिसलं तर संशय फॉन्टवर घ्यायचा. मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट लावून पुन्हा पाहा. रायटरमध्ये बरोबर आणि स्क्रायबसमध्ये चूक असेल तर शिकार सापडली. मग तीच फाइल १.६ मध्ये नव्याने बनवून पाहा. तिथे ठीक असेल तर बिघाड १.७ मध्येच शिरलाय, आणि ही माहिती प्रोग्रॅमरसाठी सोन्याच्या मोलाची असते.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची तक्रार मात्र नेऊ नका. तिथे सॉफ्टवेअरच्या लेखी ती मराठी नसतेच.

नोंद करताना

स्क्रायबसमधले दोष नोंदवायला मँटिस नावाची ऑनलाइन नोंदवही आहे; तिथे खातं काढावं लागतं आणि इंग्रजीत लिहावं लागतं. मोडकंतोडकं चालतं, पण मोघम चालत नाही. ‘मराठी नीट दिसत नाही’ यातून कुणाला काही करता येत नाही. कुठला शब्द, कुठला फॉन्ट, काय केल्यावर, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं लिहा. सोबत दोन चित्रं द्या, बरोबर रूपाचं आणि चुकलेल्याचं. आधी टिपलेला बिल्ड आयडी आणि तुमची लिनक्सची आवृत्तीही जोडा. एका नोंदीत एकच दोष ठेवा, आणि तो आधीच कुणी नोंदवलाय का ते शोधून बघा.

नमुन्याची फाइल एका पानाची, एका चौकटीची असावी. फाइल मेनूतल्या ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ने चित्रं आणि फॉन्ट एकत्र गोळा होतात, पण विकतचा फॉन्ट किंवा ग्राहकाचा मजकूर त्यात जात नाही ना, ते पाहून घ्या. सॉफ्टवेअर ‘सिग्नल ११’ म्हणत कोसळलं, तर ते पुन्हा टर्मिनलमधून चालवा आणि तिथे उमटलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवा.

दुरुस्ती झाल्याचं कळलं की पुढच्या आवृत्तीत तीच नमुन्याची फाइल उघडा आणि बरोबर दिसतंय की नाही ते त्याच नोंदीखाली लिहा.