क्लच वायर कुरकुरते म्हणून नट आवळू नका : जुन्या गाडीत हमखास होणाऱ्या चुका

मारुती ८००, ओम्नी किंवा जुनी अल्टो अशा गाड्यांत क्लचचे पेडल आणि गिअरबॉक्सवरील लिव्हर यांना पोलादी तारांची एक केबल जोडते; तिलाच क्लच वायर म्हणतात. पेडल दाबताना तिच्यातून कुरकुर ऐकू येऊ लागली की बहुतेकांचा पाना पहिल्यांदा लिव्हरजवळच्या नटावर जातो. वास्तविक त्या नटाचे काम पेडलची मोकळी चाल, म्हणजे प्ले, ठरवण्याचे आहे. आवाज घर्षणातून निर्माण होतो आणि नट कितीही फिरवला तरी घर्षण कमी होत नाही. प्ले मात्र बिघडतो आणि मूळ तक्रार कायम राहून तिच्यात क्लच घसरण्याची नवी भर पडते.

आवाजाची जागा न शोधता काम सुरू करणे

सर्वाधिक नुकसान याच चुकीमुळे होते, म्हणून तपासणीला वेळ द्यावा. प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश दाबावे. इंजिन बंद असतानाही कुरकुर येत असेल, तर दोष वायर, पेडलची खीळ आणि तिचे बुश (खिळीभोवतीची नळी), किंवा गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या फोर्कचा (क्लच सोडवणाऱ्या दुबेळक्याचा) दांडा यांपैकी कोठेतरी आहे. इंजिन चालू असताना आणि केवळ पेडल दाबल्यावर घरघर येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवण्यासाठी फोर्क ज्याला ढकलतो त्या बेअरिंगवर, घ्यावा. याउलट गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि पेडल दाबताच तो थांबतो, अशी स्थिती असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाची गती आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग तपासावे लागते. शेवटच्या दोन प्रकारांत वायरला हात लावण्याचे कारणच नाही.

इंजिन बंद असताना येणारा आवाज नेमका कोणत्या टोकाचा आहे हे ठरवण्यासाठी दोन माणसे लागतात : एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून कान द्यावा. तरीही उलगडा होत नसेल, तर वायर लिव्हरपासून सोडवावी आणि लिव्हर हाताने हलवून पाहावा. तो करकरला तर फोर्कच्या दांड्याचे बुश कोरडे पडले आहे. लिव्हर मुकाट्याने हलला, तर वायरचे पेडलकडील टोकही मोकळे करून आतली तार हाताने मागेपुढे सरकवावी. ती अडखळत, खरखरत सरकत असेल तर दोषी वायरच आहे, आणि ती सहज सरकत असेल तर राहिले पेडलचे बुश. एवढी तपासणी केली तर नवी वायर विकत घेऊनही आवाज तसाच राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

प्ले आणि आवाज यांची गल्लत

केबलच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत पेडलचा प्ले साधारण १५ ते २५ मिलिमीटर ठेवतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. पेडलशेजारी पट्टी उभी धरून पेडल बोटांनी दाबावे आणि जेथे स्पष्ट विरोध जाणवतो तेथपर्यंतचे अंतर मोजावे. पायाने दाबून हा अंदाज येत नाही.

वायर वापराने सैल होते, त्यामुळे प्ले वाढतच जाणार, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तार थोडी ताणते हे मान्य, परंतु क्लच प्लेटचे अस्तर झिजते तसतशी प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि प्ले कमी होत जातो. अशा गाडीत नट आणखी आवळला तर बेअरिंग सतत दाबलेले राहते, प्लेट पूर्ण पकड घेत नाही आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. जळकट वास येईपर्यंत थांबू नये. हे लक्षण दिसताच आधी प्ले मोजावा. प्ले योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट संपली आहे आणि नटाने तिला आयुष्य मिळणार नाही. उलट बाजूने, प्ले फार ठेवल्यास क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना दाते करकरतात.

नट फिरवताना तारेच्या टोकाची आटे असलेली काडी पकडीने स्थिर धरणे आवश्यक आहे. हे न केल्यास काडीबरोबर आतली तार पिळली जाते, तिचे पदर उकलतात आणि चांगली वायर थोड्याच दिवसांत खरखरू लागते. माप लावून झाल्यावर पेडल काही वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि मगच पुन्हा मोजावे, कारण वायर आपल्या जागी बसल्यानंतरचेच माप खरे असते. काही गाड्यांत प्ले आपोआप जुळणारी रचना असते. तेथे नट शोधत बसू नये.

वायरमध्ये तेल, ग्रीस ओतणे

बाहेरच्या आवरणात नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकचे अस्तर असलेली वायर कोरडीच चालण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात ग्रीस भरले किंवा जळके ऑइल सोडले तर दोन दिवस शांतता मिळते, पण नंतर तेच ग्रीस धूळ धरून ठेवते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे जाणाऱ्या शिवाररस्त्यांवर किंवा अमळनेर-चोपड्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात चाकाखाली जो फुफाटा उडतो, त्याचे बारीक कण या चिकटपणात मिसळून अस्तराला पॉलिश कागदासारखे घासतात. ग्रीस लावायचेच तर पेडलची खीळ, तारेचा आकडा जेथे अडकतो ती जागा आणि लिव्हरचा टेकू येथे अगदी बोटभर लावावे. गंज सोडवणारा फवारा हा वंगणाचा पर्याय नव्हे; तो उडून जातो आणि आवाज परत येतो.

धुलाई केंद्रावर इंजिनावर जोराचे पाणी मारून घेण्याची हौस अनेकांना असते. वायरच्या टोकावरील रबरी बूट फाटलेला असेल तर ते पाणी थेट आत जाते, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली की आतली तार गंजते. पावसाळ्यापूर्वी हा बूट बदलून घेणे स्वस्त पडते.

वायर टाकताना मार्ग बदलणे

नवी वायर जुन्या वायरच्याच वळणाने, त्याच क्लिपांमधून गेली पाहिजे. क्लिप तुटली म्हणून वायर तशीच सोडली तर ती एक्झॉस्टच्या पाइपाला टेकते आणि अस्तर वितळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बॉनेटखाली उष्णतेला आधीच तोटा नसतो. वायर तीव्र कोनात वाकवणेही तितकेच वाईट आहे, कारण त्या वळणावर तार आवरणाला घासत राहते. केबिन आणि इंजिन यांच्यामधील पत्र्यात बसणारे रबरी ग्रोमेट निसटले असेल, तर पत्राच करकरतो आणि दोष मात्र वायरला लागतो. खरेदीला जाताना जुनी वायर सोबत न्यावी आणि लांबी व दोन्ही टोके जुळवून पाहावीत. दिसायला सारखी असलेली दुसऱ्या मॉडेलची वायर बसते, पण नटाला पुरेसे आटे उरत नाहीत.

वायर वारंवार का जाते हे न विचारणे

वर्षभरात दुसऱ्यांदा वायर गेली तर केवळ मालाच्या दर्जाला दोष देऊन थांबू नये. झिजलेल्या प्लेटमुळे पेडल जड झाले असेल तर प्रत्येक वेळी तारेवर जास्त ताण येतो. याहून अनपेक्षित कारण विजेचे आहे : इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीचा मार्ग म्हणून क्लचच्या तारेतून जाऊ लागतो. तार तापते, अस्तर वितळते आणि काही दिवसांत वायर जाम होते. सेल्फ मारताना वायर गरम लागते का, हे पाहावे. शंका असल्यास जंपर केबलने बॅटरीची ऋण बाजू इंजिनाच्या धातूला जोडून स्टार्टर फिरवावा. तो एकाएकी जोमाने फिरला तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे आणि नंतरच नवी वायर टाकावी.

पेडलकडील आकड्याजवळ तारेचे पदर उकललेले दिसत असतील, तर कोणतीही जुळवणी न करता वायर बदलावी. अशी वायर केव्हाही तुटू शकते, आणि मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकच्या रांगेत ती तुटली तर गिअर काढणेही कठीण होते. नवी वायर बसवल्यानंतर काहीशे किलोमीटर गाडी चालली की प्ले पुन्हा एकदा मोजावा. सुरुवातीला आवरण आणि टोके आपल्या जागी दबतात, त्यामुळे नट थोडासा फिरवावा लागला तर त्यात काही बिघाड समजू नये.