माचणूरला जाताय? नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नका

सोलापुरात कुणालाही विचारा, भीमेकाठी माचणूरला, सिद्धेश्वराच्या देवळाला गेलायस का, तर म्हणणार हो की, महाशिवरात्रीला गेलतो नाहीतर श्रावणात सोमवारी. म्हणजे रांगेत उभारलो, पाया पडलो, चहा प्यालो, आलो. किल्ला बघितला का म्हटलं की तोंडाकडं बघत बसतात, तिथं किल्लापण आहे? आहे ना बाबा, आणि नदीच्या उंच काठावर आहे, आणि चालायला इतका सोपा आहे की माझी पासष्टीची आत्या गुडघ्याला पट्टा बांधून आरामात फिरून आली. तर कसं जायचं, आधी काय बघायचं ते सांगतो, कारण क्रम चुकला की उन्हात भाजून निघता.

सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. मंगळवेढ्याचा रोड धरायचा, तिऱ्हे, कामती, बेगमपूर, मग भीमेचा पूल ओलांडला की मंगळवेढा तालुका आणि पुढं माचणूर. एसटीनं जाणार असाल तर मंगळवेढ्याची गाडी पकडा आणि कंडक्टरला बसतानाच सांगून ठेवा, नाहीतर गप्पांच्या नादात थेट मंगळवेढ्यात उतराल. घरातनं सहाला निघा, साडेसहा म्हणजे उशीर. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मी एकदा एप्रिलमध्ये अकरा वाजता गेलो शहाण्यासारखा, दगडावर हात टेकवत नव्हता. जाताना दोन्ही बाजूला ज्वारी उभी असते, मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो उगाच नाही, आणि जानेवारीत गेलात तर हुरड्याचं काहीतरी जमवाच.

आता मेन गोष्ट. पोचल्या पोचल्या देवळात घुसू नका. देवळाला सावली आहे, ते नऊ वाजतापण थंड असतं, किल्ल्यात सावली जवळजवळ नाहीच. म्हणून आधी किल्ला, मग काठ, मग देऊळ. बाहेरनंच हात जोडा, सिद्धेश्वर रागवत नाही (हे आपल्या सोलापूरच्या तळ्यातले सिद्धेश्वर नव्हेत बरं का, पाहुण्यांचा दरवेळी गोंधळ होतो).

किल्ला औरंगजेबानं बांधून घेतलेला. १६९५ मध्ये त्याची छावणी इथं, माचणूरला लागून असलेल्या ब्रह्मपुरीला पडली ती १६९९ पर्यंत हललीच नाही, गावाचं नाव बदलून इस्लामपुरीपण केलं होतं पण लोक ब्रह्मपुरीच म्हणत राहिले, आजही म्हणतात. चार साडेचार वर्षं अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार या आपल्या भीमेच्या काठावरनं चालत होता हे डोक्यात ठेवून आत शिरा, मग पडक्या भिंती वेगळ्या दिसतात. आणि त्याच छावणीत कैदेत येसूबाई होत्या आणि पोरगा शाहू, १६८२ चा जन्म म्हणजे छावणी पडली तेव्हा तेराएक वर्षाचा. तिकडं दक्षिणेत १६९८ ला मराठ्यांचा जिंजी किल्ला पडला, राजाराम महाराज त्याआधीच निसटलेले, आणि पुढच्या वर्षी हा म्हातारा बादशहा स्वतः किल्ले घ्यायला साताऱ्याकडं निघाला. मला तटावर उभारलं की बादशहापेक्षा त्या पोराचंच जास्त आठवतं, त्यानंपण हीच नदी बघितली असणार.

आत दरवाजा, बुरूज, मशीद एवढं बघायला आहे, बाकी पडझड. भिंतीत एका जागी चुना उघडा पडलाय तिथं बोट फिरवून बघा, भुसभुशीत वाटतो पण नखानं निघत नाही. नदीकडच्या बाजूला जाताना मात्र जपून. तट ढासळलेला आहे, कडेची माती आतनं पोकळ असू शकते, सेल्फीसाठी टोकावर उभारायचं नाही, दोन हात मागं राहिलं तरी नदीचं वळण पूर्ण दिसतं. खरंतर मागनंच चांगलं दिसतं.

मग काठाकाठानं देवळाकडं या. हे चालणं म्हणजे काय फार नाही, रमतगमत किल्ला धरून सगळं मिळून तासदीड तास. पण बूट घाला. चप्पल घालून गेलो होतो, वेडी बाभळीचा काटा तळातनं आरपार आला, एका पायावर उड्या मारत दगडापर्यंत गेलो आणि बायको हसत फोटो काढत होती. डिसेंबरनंतर कुसळंपण असतात, सॉक्समध्ये शिरली की घरी दोन दिवस उपसत बसायचं. पाऊस होऊन गेलेला असला तर काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय किलोचा होतो, त्या दिवशी काठाचा नाद सोडा. सकाळी बगळे, खंड्या, पाणकावळे असतात, पोरांना मोजायला लावा, तेवढीच शांतता.

देऊळ जुनं, दगडी, घाटाच्या पायऱ्या थेट नदीत उतरतात आणि खाली पात्रातच जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. पाणी कमी असलं तर तिथपर्यंत जाता येतं, पूर आला की पाण्याखाली. इथं एक गोष्ट नीट ऐका, पाऊस नसला म्हणजे पाणी वाढणार नाही असं नाही. उजनी धरणातनं प्यायच्या पाण्यासाठी भर उन्हाळ्यातपण नदीत पाणी सोडतात, आणि पावसाळ्यात नीरेचं पाणी वरनं येऊन मिळतं ते वेगळंच. आदल्या दिवशी विसर्ग किती चाललाय ते बातम्यांत बघून घ्या, आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पोरांचा हात सोडायचा नाही. पोहायला तर अजिबात उतरू नका. बादशहाच्या छावणीलासुद्धा भीमेनं सोडलं नव्हतं, पुरात माणसं, जनावरं, तंबू सगळं गेलं होतं.

बादशहाची माणसं देऊळ फोडायला आली तेव्हा भुंगे सुटले आणि सगळे पळाले अशी गोष्ट गावात कुणीपण सांगतं. खरंखोटं देवाला माहीत.

डबा घरनंच न्या. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा, बास, हे दुपारपर्यंत खराब होत नाही. देवळाबाहेर झाडाखाली बसून खा आणि कागद परत पिशवीत टाका, आधीच लोकांनी तिथं काय काय टाकून ठेवलंय.

परत येताना पूल ओलांडला की बेगमपूरला दहा मिनिटं थांबा. नदीच्या कडेलाच एक मोठी दगडी कबर आहे, छावणी पलीकडं असताना औरंगजेबाची मुलगी वारली तिची, असं म्हणतात, गावाचं नावपण त्यावरनंच. तिथं शक्यतो कुणी नसतं. मग कामतीला चहा, आणि साडेअकरा-बाराला घरी, आंघोळ मात्र दुसऱ्यांदा करावी लागते.